साबुदाण्याच्या पापडांतली काच

२

लेन्सच्या कड्यावर असे आकडे कोरलेले असतात. आकडा लहान असला की एकच गोष्ट स्पष्ट येते, बाकी सगळं धूसर. आकडा वाढवत नेला की मागचं-पुढचंही हळूहळू दिसायला लागतं. दोनवर फक्त लहानू वासनिकचा चेहरा दिसतो.

तोंड उघडं. भुवया अर्ध्या कपाळापर्यंत चढलेल्या. नजर खाली खिळलेली, आणि जिथे खिळली ती जागा रिकामी.

एवढंच.

२.८

रिकामी जागा म्हणजे गच्चीवर पसरलेला प्लास्टिकचा कागद. घर बीरगांवचं, ऊन वैशाखातलं. काल संध्याकाळपर्यंत या कागदावर त्याच्या बायकोचे, सरलाचे, साबुदाण्याचे पापड वाळत होते. वरून जुनी मच्छरदाणी, कारण उघडे ठेवले तर कारखान्यांची काळी धूळ बसून साबुदाण्याचे पापड उडदाचे दिसायला लागतात. त्या पापडांच्या गर्दीत, एका कोपऱ्याला, लहानूने एक काच ठेवली होती. गोल, पारदर्शक, छोट्या पापडाएवढी. कॅमेऱ्याच्या लेन्सची सगळ्यात पुढची काच.

उन्हात ठेवायचं कारण बुरशी. जुन्या लेन्सला आतून बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक. पुसली की जाते, पण परत येऊ नये म्हणून काचेला ऊन दाखवावं लागतं, लोणच्याच्या बरणीला दाखवतात तसं. आणि पापडांत ठेवायचं कारण सरला. मागच्या उन्हाळ्यात अशीच एक काच त्याने कठड्याला टेकवून उभी केली होती. तिने सकाळभर ऊन गोळा केलं आणि सरलाच्या वाळत घातलेल्या परकराला बरोबर मधोमध भोक पाडलं. तेव्हापासून गच्चीवर काचांना बंदी. म्हणून यंदा लपवून. साबुदाण्याच्या पापडांत काच ओळखू येणार नाही असा लहानूचा हिशेब होता, आणि हिशेब अगदी बरोबर निघाला. सरलालाही ओळखू आली नाही. काल दिवेलागणीला तिने कागदाची चारही टोकं उचलली आणि होतं नव्हतं ते डब्यात ओतलं.

लहानू जिना उतरून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. पापडांचा डबा कुठे आहे, असं त्याने शक्य तितक्या सहज विचारलं.

"गेला," सरला म्हणाली. "इंदूताईकडे पाठवला. चेतना ऑफिसला जाता जाता देऊन गेली असन."

"सगळा?"

"मंग अर्धा डबा पाठवतेत काय कोणी? काहून, खायचे होते का तुमाले?"

खायचे नव्हते. पण तसं सांगितलं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं. लहानूने मुलीला फोन लावला. चेतनाला मराठी सगळी कळते, उत्तर मात्र ती हिंदीतच देते. "दे तो दिया बाबा. आंटी ने चाय भी पिलाई." मग जरा थांबून, "आपने फिर कुछ खोला है क्या?"

लहानूने फोन ठेवला.

४

आता थोडं मागचंही दिसायला हवं. लेन्स त्याची एकट्याची नव्हती.

भिलाईला पोलादाचा कारखाना उभारायला रशियन इंजिनिअर आले, त्यांच्यासोबत त्यांचे कॅमेरेही आले. माणसं परत गेली, कॅमेऱ्यांतले बरेच इकडेच राहिले आणि हळूहळू माळ्यांवरून भंगारात उतरले. अशाच एका भंगारवाल्याच्या ढिगात लहानूने एक दिवस हात घातला. रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला हात तो. लोखंडाच्या ढिगातून हवी ती वस्तू न बघता काढणारा. लेन्स हाताला लागली. ओढली तर येईना. कारण तिचं झाकण ढिगाच्या दुसऱ्या बाजूने आणखी कोणीतरी धरलं होतं.

ते नरहरी पिंपळापुरे, इंदूताईंचे यजमान. बूढ़ापाऱ्यात राहणारे, सिंचन खात्यात नकाशे काढण्यात आयुष्य घालवलेले, आणि लहानूसारखेच जुन्या रशियन रेंजफाइंडर कॅमेऱ्यांच्या नादाला लागलेले. लहानूने लेन्स सोडली नाही, नरहरींनी झाकण सोडलं नाही. भंगारवाल्याला दुकान बंद करायचं होतं. शेवटी दोघांनी मिळून ती घेतली आणि ठरवलं, एक महिना तुझ्याकडे, एक महिना माझ्याकडे. लेन्सचं नाव ज्युपिटर, म्हणजे गुरू, म्हणून अदलाबदल महिन्याच्या पहिल्या गुरुवारी. ही कल्पना नरहरींची. लहानूला ग्रहांशी काही देणंघेणं नव्हतं, पण गुरुवार त्याला मोकळाच असायचा. निवृत्त माणसाला सगळेच वार मोकळे असतात. हा एक वार मात्र भरलेला असतो, हे त्याला फार आवडायचं.

तर लेन्सची वाटणी झाली आणि त्यातून दोन माणसांची मैत्री झाली. मग एक अपघात झाला. नरहरींच्या दुसऱ्या एका लेन्सचं कडं अडकत होतं, ते लहानूने हौसेने उघडून दिलं, साफ केलं, बसवलं. कडं लोण्यासारखं फिरायला लागलं. फक्त शेवटी टेबलावर एक पेच उरला. बारीक, तिळाएवढा.

"वॅगन नाही लहानू ही," नरहरी म्हणाले होते.

तो उरलेला पेच त्यांनी फिल्मच्या रिकाम्या डबीत घातला आणि डबी सदऱ्याच्या खिशात. तेव्हापासून लहानू कॅमेऱ्याबद्दल जरा मोठ्या आवाजात बोलायला लागला की नरहरी खिशातली डबी काढत आणि कानाशी नेऊन हलवत. टिक. टिक. बस. आणि एक अट घातली: ज्युपिटरला तुझा पेचकस लागला, तर त्या दिवशी वाटणी संपली. लेन्स इथे राहील, तू तिथे.

गेल्या आठवड्यात लहानूला ज्युपिटरच्या पुढच्या काचेमागे बुरशी दिसली. लेन्स त्याच्या महिन्यात, त्याच्या घरी असताना. दाखवली असती तर नरहरी म्हणाले असते, मी चांगली दिली होती. म्हणून त्याने पेचकस काढला.

आणि आज महिन्याचा पहिला गुरुवार होता.

५.६

स्कूटर सुरू करताना मागे सरला येऊन बसली, कारण पापड पाठवले ते ठीक पण डबा तिच्या नावाचा होता, लग्नातला, झाकणावर नाव कोरलेला, आणि तो परत आणल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं, मग बिलासपूर रोडवर ट्रक, ट्रकच्या मागे ट्रक, भनपुरीला फाटक नसूनही फाटक असल्यासारखी गर्दी, आणि लहानूच्या खांद्याला लटकलेल्या पिशवीत पुढून आंधळी झालेली ज्युपिटर, वर झाकण घट्ट, खिशात रुमाल, रुमालात पुढचं कडं आणि तीन पेच मोजून बांधलेले, आणि डोक्यात कढई, कढईत तेल, तेलात पापड, आणि त्या पापडांत एक न फुगणारा, फाफाडीहच्या चौकात त्याला दिसलं की इंदूताईंनी झाऱ्याने तो पापड उलटला, आणि त्याने इतक्या जोरात ब्रेक दाबला की सरलाचं कपाळ त्याच्या पाठीवर आपटलं, ती म्हणाली काय झालं, तो म्हणाला कुत्रं, ती म्हणाली कुठी आहे कुत्रं, तो म्हणाला गेलं, आणि मग बूढ़ा तालाबाची हिरवी ओल नाकाला लागली, गल्ली अरुंद झाली, दोन स्कूटरींच्या मधून तिसरी निघाली, आणि समोर नरहरी गॅलरीत उभे, हात वर करून, नेहमीसारखे हसत.

८

रेंजफाइंडर कॅमेऱ्यात लेन्समधून बघत नाहीत. बाजूच्या छोट्या खिडकीतून बघतात. खिडकीच्या मधोमध समोरच्या माणसाची दोन चित्रं दिसतात, जराशी सरकलेली. लेन्सचं कडं फिरवत ती एकावर एक बसवायची असतात. त्या दुपारी ती काही बसेनात.

एक चित्र: पाहुणा पिशवी मांडीवर घट्ट धरून बसला आहे. इंदूताई चहा टाकतात. पाहुणा म्हणतो, चहा नंतर, आधी सरलाचे पापड तळा. इंदूताईंना कौतुक वाटतं. इतकी वर्षं झाली, पण बायकोच्या हातचं इतकं आवडतं म्हणे.

दुसरं चित्र: लेन्स हातात घेतल्यावर नरहरी काय करतात ते लहानूला तोंडपाठ आहे. चहा संपला की ते टॉर्च आणतात, झाकण काढतात आणि आत उजेड टाकून बघतात. म्हणजे चहा संपायच्या आत डब्याचा तळ दिसला पाहिजे.

एक चित्र: बशीत पापड येतात. पाहुणा खातो. आणखी येतात. खातो.

दुसरं चित्र: सगळे तळले तर काच आपोआप वर येईल. इंदूताईंच्या हाताला लागेल, त्या विचारतील हे काय, मी म्हणेन, अरे वा, कुठून आली ही.

एक चित्र: यजमान तालाबावरच्या बगळ्याबद्दल सांगत आहेत. या महिन्यात ज्युपिटर लावून त्याला टिपायचाच. पाहुणा मान हलवतो. तोंड भरलेलं असल्याने बोलत नाही.

दुसरं चित्र: अजून किती पापड असतील.

सरलाला मात्र दोन चित्रं दिसत नव्हती. तिला एकच दिसत होतं, आणि ते बरोबर नव्हतं. हा माणूस साबुदाण्याचे पापड घरी खात नाही. दाताला चिकटतात म्हणून.

"चेतनाचे बाबा," ती हळूच म्हणाली, "पोटाले जपा."

"पापड बरे झाले हो," लहानू म्हणाला आणि इंदूताईंना विचारलं, डब्यात अजून आहेत का, असतील तर तळूनच टाका, नाहीतर दमट होतात.

इंदूताईंनी झारा खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. एकदा त्यांनी लहानूच्या मांडीवरच्या पिशवीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याच्या खिशातल्या डबीकडे. मग पदराला हात पुसत आत गेल्या.

११

बाहेर आल्या तेव्हा हातात सरलाचा डबा होता. त्यांनी तो सरलाच्या मांडीवर ठेवला.

"पापड माझ्या डब्यात काढून घेतले सकाळीच," त्या म्हणाल्या. "तुझा धुऊन ठेवला. पण रिकामा कसा द्यायचा? रखिया बडी घातली आहे थोडी. बघ, पुरेल का."

कोणाचा डबा रिकामा परत जात नाही, ही रीत सरलाला ठाऊक होती, आणि आत काय आलं ते लगेच उघडून बघायचं नसतं, हेही ठाऊक होतं. पण बघ म्हटल्यावर बघावंच लागतं. तिने झाकण काढलं.

कोहळ्याच्या पांढऱ्या बड्यांच्या वर, घडी घातलेल्या स्वच्छ फडक्यावर, काच बसली होती. खिडकीतला सगळा उजेड तिने आपल्यात ओढून घेतला होता आणि जांभळी चमकत होती.

"पापडांत निघाली," इंदूताई म्हणाल्या. "मिठाने खारवली होती. म्हणून भांड्याच्या साबणाने घासून काढली."

लहानूच्या घशात पापड अडकला. भांड्याच्या साबणाने. बुरशीने जे केलं नसतं ते. तो खोकला, पाणी प्यायला, आणि पाणी पिताना पेल्याच्या काठावरून त्याला दिसलं की नरहरी उठले आहेत.

नरहरींनी लहानूच्या मांडीवरची पिशवी घेतली, ज्युपिटर काढली, झाकण उघडलं आणि आत बोट घातलं. जिथे काच लागायला हवी होती तिथे बोट आरपार गेलं. मग त्यांनी खिशातून ती फिल्मची डबी काढली. लहानूने वाट पाहिली. डबी हलली नाही. नरहरींनी ती त्याच्या समोर, पापडांच्या बशीशेजारी ठेवली.

"हा तुझा पेच. घेऊन जा. लेन्स राहू दे इथे."

ओरडले असते तर बरं झालं असतं. सरलाने लहानूकडे पाहिलं. तिला आता परकराच्या भोकापासून आजच्या भुकेपर्यंत सगळं उलगडलं होतं आणि तिच्या मनात बोलायला भरपूर होतं, पण त्याचा चेहरा बघून तिने ते घरासाठी राखून ठेवलं. लहानू डबीकडे बघत बसला. पुढचा गुरुवार त्याला दिसत होता. त्यात काहीच नव्हतं.

इंदूताईंनी हात पुढे केला, डब्यातली काच उचलली आणि मुठीत धरली.

"तुमची लेन्स तुमच्याकडे राहू दे," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "काच माझ्याकडे राहील."

नरहरींना वाटलं चेष्टा आहे. ती नव्हती. इंदूताईंनी शांतपणे विचारलं की एवढ्या वर्षांत या लेन्समधून काय काय निघालं. बगळा निघाला. जुनी दारं निघाली. उरल्याच्या कारखान्यांच्या धुराड्यांवरचा सूर्यास्त निघाला. बीरगांवची एक बकरी निघाली, तिचा तर मोठा फोटो करून समोर भिंतीवर लावला आहे. या घरातली बाई निघाली का? त्या घरातली? माणसाचे चेहरे काढायलाच ही लेन्स बनली आहे, असं दोघेही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतात.

दोघांनीही बकरीकडे पाहिलं. बकरी सुंदर आली होती. तिच्या पापण्या मोजता येत होत्या.

"माझा आणि सरलाचा फोटो काढा," इंदूताई म्हणाल्या. "काढणार असाल तरच काच मिळेल."

१६

सोळावर सगळंच स्पष्ट दिसतं, आणि सगळं स्पष्ट दिसणं ही काही नेहमी चांगली गोष्ट नसते.

नरहरींनी टेबलावर पांढरा पंचा अंथरला, इंदूताईंनी त्यावर काच ठेवली. लहानूने रुमाल सोडून कडं आणि तीन पेच पुढे केले, पण नरहरींनी त्याला कशालाही हात लावू दिला नाही. काचेला धक्का लागला नव्हता. साबणाने खरंतर तिचं भलंच केलं होतं. प्रश्न होता तो कुठली बाजू बाहेर.

"नरहरीभाऊ, फुगीर बाजू बाहेर येते," लहानू म्हणाला.

"दोन्ही फुगीरच आहेत."

"एक जास्त आहे. नखाने पाहा ना."

"तू नको सांगू. तू सांगतो तेव्हा पेच उरतो."

नरहरींनी काच बसवली. कमी फुगीर बाजू बाहेर. लहानूने बघितलं, तोंड उघडलं, आणि त्यात आणखी एक पापड घातला. नरहरी ओठ चावत, नकाशावर नदीची रेघ ओढावी तसे पेच फिरवत होते. झालं, म्हणाले. पेचकस ठेवला. लेन्स वर धरून सगळ्यांना दाखवली, देवळातली मूर्ती दाखवावी तशी.

मग गॅलरी. मागे तालाब, उतरतं ऊन. दोन्ही बायका शेजारी उभ्या राहिल्या आणि एकदम ताठ झाल्या, आधारकार्डाला उभं राहतात तशा. नरहरींनी खिडकीला डोळा लावला, कडं फिरवलं, चित्रावर चित्र बसवलं. खिडकीत सगळं व्यवस्थित होतं. खिडकीत ते नेहमीच व्यवस्थित असतं. लेन्सच्या आत काय बसलं आहे ते खिडकीला कळत नाही. सरला हळूच इंदूताईंना काहीतरी म्हणाली, त्यात परकर हा शब्द होता, इंदूताई हसायला लागल्या, आणि तेवढ्यात खटका दाबला गेला.

लहानू मागे, टेबलाशी बसून होता. गॅलरीत त्याला कोणी बोलावलं नव्हतं. त्याने रिकामी बशी उचलून बाजूला ठेवली. बशीखाली, पापडाच्या चुऱ्यात, काहीतरी चमकलं. बारीक, तिळाएवढं.

त्याने रुमालातून तीन दिले होते.

बोटाला तेल होतंच. बोट टेकवलं, पेच चिकटून वर आला. लहानूने आधी गॅलरीकडे पाहिलं, मग फिल्मच्या डबीकडे. ती आता त्याचीच होती. झाकण काढून त्याने दुसरा पेच आत टाकला, झाकण लावलं, आणि डबी खिशात ठेवून सरलासोबत निघाला. जाताना नरहरी गॅलरीतून हात वर करून हसले नाहीत.

बुधवारी फोन आला. नरहरी न्हाणीघरात फिल्म धुतात, फोटोही तिथेच करतात, सगळ्याला मिळून आठवडा जातो. त्यांनी फक्त सांगितलं, इंदू तुम्हाला दोघांना बोलावते आहे. ये उद्या.

उद्या गुरुवार होता.

फोटो बकरीच्या जागी लागला होता. लहानू त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. काच उलटी बसली होती, यात शंका नव्हती. कडा वितळल्यासारख्या झाल्या होत्या, मागचा तालाब गोल गोल फिरत होता, बगळा असलाच तर त्याचा धूर झाला होता. आणि मधोमध दोन बाया हसत होत्या. चेहऱ्यांभोवती असा उजेड की जणू दिवा त्यांच्या आतूनच लागला होता. एकीची सुरकुती दिसत नव्हती. दुसरीचा पांढरा केसही नाही.

"मी अशीच दिसत होती," सरला हळूच म्हणाली. "लग्नात."

"अजूनही दिसतेस," इंदूताई म्हणाल्या. "लेन्स चांगली पाहिजे फक्त."

नरहरींनी घसा साफ केला. ही लेन्स मुळात अशीच बनवलेली आहे, असं ते सांगू लागले. लहानूच्या महिन्यात ती कधी अशी वागली नाही, कारण लहानू घाईत फोटो काढतो. माणूस थांबायला पाहिजे, उजेड ओळखायला पाहिजे, आणि मुख्य म्हणजे हात. हाताला नकाशाची सवय पाहिजे, वॅगनची नाही. त्यांचा आवाज चढत गेला.

लहानूने खिशातून डबी काढली. कानाशी नेली. हलवली.

खुळखुळ.

नरहरी वाक्याच्या मधेच थांबले. किती वर्षं त्यांनी ती डबी हलवली होती. तिचा आवाज त्यांनी झोपेतही ओळखला असता. एका पेचाचा आवाज टिक असा येतो. हा टिक नव्हता.

त्यांनी टेबलाकडे पाहिलं. लेन्सकडे पाहिलं. तिच्या कड्याभोवती बोट फिरवलं, एकदा, दुसऱ्यांदा, आणि एका जागी बोट थांबलं. तिथे पेचाचं भोक होतं, नुसतंच.

लहानूने डबी टेबलावर ठेवली, दोघांच्या मधोमध.

"सरला," इंदूताई म्हणाल्या, "पापड संपले बरं का सगळे."

"आणले आहेत," सरला म्हणाली आणि डबा पुढे केला. "या वेळी एकेक पाहून भरले."

नरहरींनी पंचा काढला, झटकला, टेबलावर अंथरला. पेचकस शोधायला खणात हात घातला आणि सापडल्यावर तो लहानूच्या दिशेने सरकवला. लेन्सही.

"पुढच्या गुरुवारी मला परत पाहिजे," ते म्हणाले. "महिना माझाच आहे." मग फोटोकडे बघून, थोडं खालच्या आवाजात, "पेच लावून आण. काच नको फिरवू."